दिवटी कुणाची?

माझं माहेरचं आडनाव दिवटे. हे आडनाव घेऊन शाळेत जाणं सोपं नसतं. मी मुलगा असते तर 'या दिवटे चिरंजीव' म्हणून मास्तरांनीच माझी फिरकी घेतली असती. मुलगी होते, म्हणून वर्गातली पोरं नुसतीच 'ए दिवटी' म्हणून ओरडायची. मी चिडेन असं त्यांना वाटायचं. मी चिडायची नाही, उलट मान ताठ करून त्यांच्याकडं बघायची. दिवटी म्हणजे काय हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या घरात ती देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला टांगलेली होती.

आमचं गाव अणदूरच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत. अणदूरचा खंडोबा मोठा, त्याची यात्रा मोठी. आमचा खंडोबा एका खोलीच्या देवळातला, पण चंपाषष्ठीला त्याचीही पालखी निघते आणि पालखीच्या पुढं एक पितळी मशाल जळत चालते. तीच दिवटी. तिच्यासोबत तेलाची पितळी बुधली असते. दिवटी धरायचा मान आमच्या घराचा. आडनाव तिथूनच आलं, असं माझे वडील सांगायचे. त्यांना आम्हीच नाही, सगळं गाव अण्णा म्हणतं.

या मानाची एक रीत आहे. पालखी वेशीपाशी आली की थांबते. गावातला सगळ्यात वयस्कर माणूस पुढं होतो आणि मोठ्यानं विचारतो, "दिवटी कुणाची?" दिवटी धरणाऱ्यानं तितक्याच मोठ्यानं घराण्याचं नाव सांगायचं, "दिवट्यांची!" मग भंडारा उधळतात, येळकोट होतो आणि पालखी वेशीबाहेर पडते. माणसाचं नाव घ्यायचं नाही, घराण्याचंच घ्यायचं. मान माणसाचा नसतो, घराचा असतो, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं.

अण्णांचा आवाज काय सांगावा! एरवी मऊ बोलणारा माणूस, पण वेशीवर असं काही गर्जायचा की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागायची. मी लहान असताना विहिरीपाशी कुणी नाही असं बघून त्यांच्यासारखं ओरडून बघायची. 'दिवट्यांचीऽऽ!' विहीर तेच शब्द परत द्यायची. मला कधी ना कधी हे वेशीवर म्हणायचंय, असं मी मनात धरलेलं. मुलीनं ते म्हणायचं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. खरं तर कुणी सांगितलंच नाही. सगळे गृहीत धरून चालले होते, मी सोडून.

अण्णांना मी एकटी. चुलत्याला एक मुलगा. तो माझ्यापेक्षा थोडासा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणते. आता या दादाचं आडनाव दिवटे नाही, देवटे आहे. सख्ख्या भावांची मुलं आणि आडनावं दोन! बाहेरच्या माणसाला हे सांगायला लागलं की तो आधी हसतो आणि मग आमच्यात काही भानगड असावी अशा नजरेनं बघतो. भानगड काही नाही. अण्णा आणि चुलते शाळेत गेले तेव्हा निजामाचं राज्य होतं, शाळा उर्दू होती. मास्तरांनी दोघांची नावं उर्दूत घातली. त्या लिपीत आपल्यासारखी वेलांटी, मात्रा नेमकी दाखवत नाहीत, वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. राज्य गेलं, मराठी आली, ती नावं मराठीत उतरवायची वेळ आली. अण्णांचं नाव उतरवणारा दिवटे वाचून गेला, चुलत्यांचं उतरवणारा देवटे. चुलते म्हणाले, राहू द्या, त्यात देव तरी आहे. तेव्हापासून दोन घरं दोन नावांनी चालली.

नंतर इंग्रजीनं आणखी गंमत केली. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, कॉलेजात दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. गावातल्याच आमच्या एका भावकीनं मध्ये एक काना घुसवून दिवाटे करून टाकलं, ऐकायला भारदस्त वाटतं म्हणून. आता सगळ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यात पुण्याकडचे एक काका दर आठवड्याला सिद्ध करतात की आपण मुळात कुठल्या तरी किल्ल्याचे किल्लेदार. दुसरे कुणीतरी लगेच विचारतात, किल्ला कोणता? मग काका सुप्रभात पाठवतात. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा या ग्रुपवर ठराव आला की आता आपणही सगळ्यांनी एकच आडनाव लावू. कोणतं लावायचं यावर एवढी हमरीतुमरी झाली की चौघं ग्रुप सोडून गेले. मला त्या ग्रुपवर मत मांडता आलं नाही, कारण मी त्यात नाहीच, हे सगळं दादाच्या मोबाईलवर वाचते. लेकींना घेतलेलं नाही. सुना आहेत.

इथंच माझं डोकं फिरतं.

माझं लग्न आणि दादाचं लग्न एकाच उन्हाळ्यात झालं. माझं आधी. दुपारच्या मुहूर्तावर अक्षता पडल्या आणि माझं आडनाव गेलं. सासरचं आडनाव चांगलं आहे, लहान आहे, बँकेत कुणी दोनदा विचारत नाही. पण त्याला कसली चव नाही. त्याच्यामागं ना मशाल ना पालखी. मी धाराशिवला आले, भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडला, नव्या नावानं सही करायला शिकले. पुढं महिन्याभरात दादाचं लग्न झालं. मी करवली म्हणून गेले. उमरग्याच्या पलीकडची, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावची मुलगी, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलणारी. तिला आमच्या खंडोबाचं तोंड माहीत नव्हतं. आणि दुपारी माप ओलांडून ती आत आली ती देवटे होऊन! मी इतकी वर्षं घासूनपुसून जपलेलं नाव, एका मात्रेचा फरक सोडला तर, तिला आयतं मिळालं. हळदीच्या हातानं मी तिला ओवाळत होते. खोटं कशाला सांगू, दागिन्यांसाठी नाही, रूपासाठी नाही, मी माझ्या वहिनीचा आडनावासाठी हेवा केला. आजही करते.

ती वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं. ही बया चांगली निघाली. मी माहेरी गेले की ती चुलीपासून उठून येणार, "वन्सं, लई वाळलाव की ओ," म्हणणार, पाणी देणार, बसायला घोंगडी टाकणार. माझ्याच माहेरात मला पाहुणीसारखं बसवणार. मी उठून चहा ठेवायला गेले तर हातातून पातेलं काढून घेणार. "तुमी बसा वो. घरला तर करताव की रोज." घरला! मग हे काय होतं?

एकदा आम्ही दोघी ज्वारी निवडत बसलो होतो. मी सहज, म्हणजे थोडं मिरवायलाच, दिवटीची गोष्ट सांगितली. आडनाव तिच्यावरून कसं आलं वगैरे. तिनं सुपातून मान वर केली आणि म्हणाली, "व्हय, आमच्याकडं दीवटिगी म्हणत्यात तिला. माझ्या आज्ज्याच्या घरी पण हुती. मोठ्या देवाच्या पुढं धरायची." आणि लागली परत खडे काढायला. घरातलं नाव तिला मिळालं होतंच, आता त्या नावाचा मूळ शब्दही ती माहेराहून घेऊन आली होती. त्या दिवशी ज्वारीत खडे तसेच राहिले. संध्याकाळी अण्णांच्या दाताखाली आला एक.

दिवटीचं काम नुसतं धरण्याचं नसतं. घरच्या माणसाचं जुनं, मऊ झालेलं धोतर फाडून त्याच्या पट्ट्या काढायच्या, त्या पिळून काकडा वळायचा, म्हणजे वात. मग वाटेत जळता जळता तेल घालायचं. दिवटी पुरुषानं धरायची, तेल घरच्या सुनेनं घालायचं. आमच्या घरात आई घालायची. मी लग्नाआधी पट्ट्या काढायची. धोतर फाडायचा तो लांब आवाज मला फार आवडायचा. चुलते वारले तेव्हा घरं आधीच वेगळी झाली होती. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, भांडी वाटली. दिवटी वाटली नाही. ती मोठ्या भावाच्या, म्हणजे अण्णांच्या घरातच राहते. चुलत्यांनी सोलापूरहून एक नवी करून आणली होती, ती घरातल्या पूजेपुरती. वेशीवर जायची ती आमची.

मग आई गेली. मोठ्या घराला सून नाही, म्हणून चूलही आणि बुधलीही वहिनीच्या हातात गेली. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलं नाही. आईच्या वर्षश्राद्धानंतरच्या चंपाषष्ठीला मी गावी गेले तर वहिनी पदर खोचून, बुधली घेऊन अण्णांच्या उजव्या अंगाला चालत होती. आई चालायची तशीच. मी मागं बायकांच्या घोळक्यात. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "बरं झालं बाई, घरचं कुणीतरी हाय अण्णाजवळ." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

गेल्या दिवाळीत मी चार दिवस माहेरी होते. अण्णांचे गुडघे आता पार गेलेत. कानांनी तर त्याआधीच राजीनामा दिलाय, कानाजवळ जाऊन ओरडलं तरच ऐकू जातं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून ते पान लावत होते. मी बाजूला बसून सुपारी कातरून देत होते. दादा आला, खाली बसला. अण्णा म्हणाले, "औंदा दिवटी तू धर. माज्यानं वेशीपर्यंत बी जाणं व्हायचं न्हाय." दादा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "तुमी असताना कसं अण्णा?" "हाय म्हनूनच देतो. गेल्यावर कोन देनार?" झालं. एवढ्यात झालं. माझ्या हातातली सुपारी तशीच.

दादा गेल्यावर मी अण्णांच्या कानापाशी गेले. इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले. म्हटलं, "अण्णा, औंदा मी धरते की. गुडघे बरे आहेत माझे."

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. "तू कशी धरशील बाई? येशीवर विचारत्यात. तुजं नाव आता दुसरं."

"मग मी मागितलं होतं का दुसरं? तुम्हीच दिलंत."

ते मी इतक्या जोरात म्हणाले की समोरच्या गोठ्यातून वहिनी डोकावली. अण्णांनी पानाला चुना लावला, पुसला, परत लावला. मग पानाची घडी तोंडात न घालता तशीच हातात धरून म्हणाले, "त्यो पोरगा चांगला हाय. पन त्यो येशीवर काय म्हनंल, त्ये माज्या जिवाला लागलंय. त्याच्या तोंडात देवटे बसलंय. आमच्या आज्ज्या-पणज्यानं दिवट्यांची म्हनत नेली. माज्यासंगं त्ये नाव बी संपतंय का काय?"

मला वाटलं, बरंच आहे की, संपू दे! म्हणू दे त्याला देवट्यांची, म्हणजे कळेल तुम्हाला कुणाच्या हातात दिलं. हे मी मोठ्यानं म्हणाले नाही. पण मनात आलं आणि मी ते हाकललंही नाही.

अण्णा म्हणाले, "तू ये चंपाषष्ठीला. मला तर हितनं ऐकू यायचं न्हाय. तू पालखीसंगं जा, कान देऊन ऐक, अन् मला येऊन सांग काय म्हनला त्यो."

म्हणजे मान दादाचा, तेल वहिनीचं, आणि मी कान. मी म्हटलं, "येते."

चंपाषष्ठीला सकाळची एसटी धरली. तुळजापूरला गाडी बदलून, पुढं वडापच्या जीपमधून, भर उन्हात गावात पोचले. घरात वांग्याच्या भरिताचा आणि कांद्याच्या पातीचा वास. वहिनी ओट्यावर बसून अण्णांचं जुनं धोतर फाडत होती. तोच लांब आवाज. मी पिशवी खाली ठेवायच्या आधी तिच्यासमोर जाऊन बसले आणि धोतराचं दुसरं टोक ओढून घेतलं. दोघींनी मिळून पट्ट्या काढल्या, मी मुद्दाम माझ्या अंगाला रुंद काढत होते. तिनं काकडा वळला. छान वळला, घट्ट, आईपेक्षाही बरा. त्याचाही मला राग आला.

संध्याकाळी दादानं पांढरा सदरा घातला, कपाळाला भंडारा लावला. अण्णांनी खुंटीवरची दिवटी स्वतः काढली आणि बसल्या जागेवरूनच त्याच्या हातात दिली. दिवटी पेटली. वहिनीनं बुधलीतून करडीचं तेल सोडलं, ज्योत उभी राहिली. अण्णा ओट्यावर खांबाला टेकून बसले, पाय घोंगडीत गुंडाळून. मी निघाले तसा त्यांनी माझा पदर धरला आणि आपल्या कानाला बोट लावून दाखवलं. मी मान डोलावली.

देवळापासून पालखी निघाली. हलगी वाजत होती. दादा पुढं, वहिनी त्याच्या उजव्या अंगाला. या वेळी मी घोळक्यात राहिले नाही, धक्के देत पुढं गेले आणि वहिनीच्या मागंच चालू लागले. मारुतीच्या पारापाशी ज्योत जरा बसली. वहिनी थांबली, मागं वळली आणि बुधली माझ्यापुढं धरली. "वन्सं, घाला तुमी."

सगळी आळी बघत होती. हात पुढं जायला किती आसुसला होता, ते मलाच माहीत. पण तिनं द्यायचं आणि मी घ्यायचं, हे मला सोसलं नाही. आईची बुधली मला हिच्या परवानगीनं मिळावी?

"घाला तुम्हीच," मी म्हटलं. "मान तुमचा आहे."

तिचं तोंड एवढंसं झालं. तिनं तेल घातलं. मला बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

वेस आली. पालखी थांबली, हलगी थांबली. गावातले सगळ्यात वयस्कर आजोबा नातवाच्या खांद्याला धरून पुढं आले. माझं सगळं लक्ष दादाच्या तोंडाकडं. दिवट्यांची म्हणतो का देवट्यांची? दिवट्यांची म्हणाला तर अण्णा सुखावणार, आणि ते सुख त्यानं दिलेलं असणार. देवट्यांची म्हणाला तर अण्णा खचणार, आणि मला जाऊन ते सांगावं लागणार. दोन्हीकडून माझंच जळणार होतं.

"दिवटी कुणाची?" आजोबांनी विचारलं. त्यांचाही आवाज आता चिरकतो.

दादानं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तो ज्योतीकडं बघत होता, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, धुरानं की कशानं.

"दिवटी कुणाची?" पुन्हा विचारलं.

"अण्णांची!" दादा ओरडला.

असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. वेशीवर माणसाचं नाव घेतात होय? त्याच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं, त्यानं घाबरून आजोबांकडं बघितलं. आजोबांनी चिमूटभर भंडारा घेतला, हातातल्या हातात चोळला आणि म्हणाले, "खरं हाय लेका. अण्णाचीच हाय." आणि उधळला. मग असा येळकोट झाला की मला माझाच हुंदका ऐकू आला नाही.

तिथं उभ्या उभ्या मला जे वाटलं ते हेव्याच्या पुढचं होतं, पण त्याला दुसरा शब्द माझ्याकडं नाही. मी आयुष्यभर विहिरीपाशी 'दिवट्यांची' म्हणायचा सराव केला. मला कुणी दिवटी दिली असती तर मी चूक केली नसती. मी खणखणीत, बरोबर, रीतीला धरून दिवट्यांचीच म्हटलं असतं. 'अण्णांची' हे मला सुचलंच नसतं. बाप माझा आणि हे सुचलं त्याला! मान गेला, नाव गेलं, बुधली गेली, ते मी सोसलं. हे मात्र त्यानं अगदी माझ्या आतलं उचलून नेलं होतं.

पालखी वेशीबाहेर गेली. सुनेचं काम वेशीपर्यंतच असतं, वहिनी बुधली घेऊन माघारी वळली. मीही वळले. दोघी घराकडं निघालो. ती भरभर चालायला लागली. मला समजलं, हिला अण्णांना सांगायचंय. नवऱ्यानं काय म्हटलं ते हिला स्वतः सांगायचंय, आणि का नसावं? पण मी तिच्यापेक्षा जोरात चालायला लागले. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका, एकीच्या हातात तेलाची बुधली, अंधारत आलेल्या आळीतून शर्यत लावल्यासारख्या निघालो. पारावरची पोरं हसायला लागली. वहिनीच्या हातातली बुधली डुचमळत होती, तेल सांडू नये म्हणून तिला जपून चालावं लागत होतं. मला काही जपायचं नव्हतं. मी पुढं गेले.

अण्णा खांबाला टेकून तसेच बसले होते. येळकोट त्यांनाही पुसट ऐकू गेला असावा, कपाळाला हात लावलेला होता. मला बघून त्यांनी मान पुढं केली आणि विचारलं,

"दिवटी कुणाची?"

'काय म्हणाला' असं नाही विचारलं. वेशीवर विचारतात तसं विचारलं. सवयच ती, इतक्या वर्षांची. पण मला ते कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं.

दिवट्यांची, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांना तेच ऐकायचं होतं, आणि मला तेच म्हणायचं होतं. वहिनी धापा टाकत पायरीपाशी येऊन थांबली. बोलायला तिनं तोंड उघडलं.

"अण्णांची," मी म्हटलं.

"आँ?" त्यांनी कानामागं हात नेला.

मग मी सरळ उभी राहिले आणि विहिरीपाशी ओरडायची तशी ओरडले. "अण्णांचीऽऽ!"

शेजारच्या गोठ्यातली म्हैस दचकून उठली. पारावरच्या पोरांना वाटलं इथंच काही चाललंय, त्यांनी तिथूनच येळकोट येळकोट केलं. अण्णा माझ्याकडं बघत राहिले. "असं म्हनला त्यो?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी घोंगडीतून हात काढून माझं मनगट धरलं, आणि मग बराच वेळ सोडलं नाही.

वहिनी पायरीवर बसली, बुधली मांडीवर. तिचेही डोळे भरले होते. तिला जवळ बोलवावं असं मला वाटलं. पण मी जरा वेळ थांबले.

दादानं म्हटलं ते सगळ्या गावानं ऐकलं. अण्णांनी माझ्याकडून ऐकलं.